पट्टा वाळेपर्यंत

सोमवार, २२ सप्टेंबर. धार. पहिली माळ.

ही डायरी अनन्याने मला गुढीपाडव्याला दिली आणि पहिलं पान मी आज, घट बसल्यावर, लिहितो आहे. इतका उशीर झाला त्याबद्दल माफी असावी. माफी कोणाची मागतो आहे ते मलाही नीट कळत नाही. डायरीचीच समजा. इतके महिने लिहिण्यासारखं काही झालंच नाही. लोक गहू आणायचे, पीठ न्यायचे.

अनन्या माझी नात. इंदूरला कॉलेजात आहे, गरब्यासाठी इथे आली आहे. म्हणते, "आबा, मनातलं लिहा, बीपी डाउन राहतो." तिची शाळा हिंदी. मराठी बोलते, पण वाचताना तिसऱ्या शब्दाला अडखळते, त्यातून माझं अक्षर. म्हणून इथे काहीही लिहायला हरकत नाही. मी आठवीपर्यंत शिकलो, चुका असतील.

आज देवासहून विनोदिनीबाईंचा फोन आला. या आमच्या मंदिरातल्या भास्करपंतांची बहीण. यजमान वारले, शाळेत मराठी शिकवायच्या, आता रिटायर. श्रावणात भावाकडे आल्या होत्या तेव्हा माझ्या चक्कीवर भाजणी दळायला आल्या. चक्की चालू असताना त्यांनी खाली पिठात हात घातला, चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे पीठ जळलेलं नाही." चाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांचं दळण एकमेकांना दिलं.

तर फोनवर म्हणाल्या, "हंबीरराव, माझी भाजणी दळून ठेवलीत ना? इथले लोक गव्हावरच भाजणी टाकतात, सगळी चव जाते. दसऱ्याला आणून द्याल का?"

मी म्हटलं, देतो.

"अजेय आला आहे. मला कायमची चेन्नईला घेऊन जायचं म्हणतो. तीन तारखेचं तिकीट काढलंय. तुम्ही दसऱ्याला या, मग काय ते ठरवीन."

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसलो. काय ठरवणार? भाजणी न्यायची की नाही ते असेल. चेन्नईच्या हवेत पिठाला जाळी धरते.

अडचण गाडीची आहे. रणवीरने, म्हणजे अनन्याच्या बापाने, नवी घेतली तेव्हा जुनी माझ्या दारात लावून दिली. आज बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाचा लांब पट्टा आडवा तडकलेला. धार ते देवास शंभर किलोमीटरच्या वर आहे. तो घाटाबिल्लोदपर्यंतही जायचा नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर. तिसरी माळ.

भूपेंद्र मिस्त्रीकडे गेलो. शटर बंद. नवरात्राचे उपास करून सरदारपूरला सासरी बसला आहे, दसऱ्यानंतर येणार. दुसऱ्या मिस्त्र्याकडे मी जाणार नाही, कारण काल विनोदिनीबाईंनी सहज विचारलं, "गाडी ठीक आहे ना?" आणि माझ्या तोंडून गेलं, "पट्टा बदलायचाय, मीच बदलतो."

"तुम्हाला येतं?"

"चाळीस वर्षं पट्टेच चढवले."

ते खरंच आहे. चक्कीचा पट्टा मी चालत्या चाकावर काठीने ढकलून चढवत असे. पण तो सरळ, दोन चाकांवरचा. हा एकच पट्टा सहा-सात चाकांवरून सापासारखा फिरतो. कधी आत, कधी बाहेर, कधी पाठीवरून.

जुना नंबर दाखवून नवा पट्टा आणला आहे. पलंगावर ठेवला आहे. रोज हात लावून बघतो.

गुरुवार, २५ सप्टेंबर. पुन्हा तृतीया.

यंदा तृतीया दोन दिवस आहे, भास्करपंतांनी सांगितलं. म्हणजे एक माळ जास्त. म्हणजे मला एक दिवस जास्त. चक्कीवर आलेल्या तीन-चार जणांना मी हे आनंदाने सांगितलं. त्यांना त्यात काय आनंद ते कळलं नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.

आज पडलो. लागलं नाही, पण लिहून ठेवतो.

त्या पट्ट्याला ताणून धरणारं एक चाक असतं, त्याला टेन्शनर म्हणतात. आत जबरदस्त स्प्रिंग. बोल्टला लांब पाना लावायचा, स्प्रिंगच्या उलट रेटायचं, पट्टा सैल पडला की एका हाताने काढून घ्यायचा. अनन्याने मोबाइलवर दाखवलं. त्यातला माणूस ते करताना हसत होता. मला त्याचा राग आला.

मी पाना लावून रेटलं. हलेना. अंग टाकून रेटलं तेव्हा हललं, पट्टा सैल पडला, मी तो खेचून काढला आणि खुशीत येऊन पाना सोडून दिला. स्प्रिंग फाड्‌कन परत आली. पाना माझ्या कानाजवळून तुळशीकडे गेला आणि मी मागे पाण्याच्या घमेल्यात बसलो.

शेजारचा शालिग्राम भिंतीवरून पाहत होता. त्याला सगळं पाहायचंच असतं.

"कई दाजी, न्हाई रिया हो?"

"हो, न्हातोच आहे. नवरात्र आहे."

"म्हारे तो लागे आप देवास सारू तैयार हुई रिया हो. भाजणीच देणी है के और कंई?"

भाजणीच द्यायची आहे, दुसरं काय, असं मी त्याला सांगितलं. तो का हसला ते माहीत नाही. अनन्याही आत हसत होती.

संध्याकाळी लक्षात आलं. पट्टा काढला खरा, पण तो कुठल्या चाकावरून कसा गेला होता ते बघायचं राहिलं.

शनिवार, २७ सप्टेंबर.

सुतळी घेऊन बसलो. पट्ट्याऐवजी सुतळी फिरवून बघायची, जमलं तर पट्टा. अनेक तऱ्हा केल्या. एका तऱ्हेत एक चाक उपाशी राहतं, दुसरीत सुतळी स्वतःलाच घासते. मोबाइलवरचं इंजिन वेगळं निघालं.

अनन्या म्हणाली, "आबा, बॉनेटच्या आत स्टिकर असतं ना, ज्यावर नक्शा असतो."

बॉनेटच्या आत स्टिकर होतंच. त्यावर 'शुभ लाभ' लिहिलेलं होतं. गाडी दारात आली त्या दिवशी मीच चिकटवलं. बाहेर लावलं तर पावसात रंग जातो म्हणून आत लावलं.

"म्हणजे तुम्ही नक्शा झाकून टाकला."

"शुभ होतं ते."

"लाभ तर झाला नाही ना."

गरम पाण्याचा फडका लावून हलक्या हाताने सोलत बसलो. 'शुभ' निघालं, 'लाभ'चा भ अजून चिकटलेला आहे, पण खाली रस्ता दिसतो.

एवढ्यात देवासहून फोन. "झालं का?"

मी म्हटलं, जवळजवळ.

"अजेय सामान बांधतोय. मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस." मग, "पडलात वगैरे नाही ना?"

यांना कसं कळलं? अनन्या स्वयंपाकघरात जोरजोरात भांडी लावत होती.

रविवार, २८ सप्टेंबर.

चढला.

सविस्तर लिहितो, कारण झोपायचं मन नाही. पट्टा नक्शाप्रमाणे सगळ्या चाकांवरून घेतला, फक्त वरचं गुळगुळीत चाक राहिलं. मग अनन्याला समोर उभं केलं. मी पाना धरला. पुन्हा सुटेल ही भीती होतीच. मनात आलं, या स्प्रिंगचं कामच एवढं की कोणी ढील देऊ नये. रात्रंदिवस ओढून धरायचं. आपणही असंच जगलो. तिची आजी गेल्यापासून तर जास्तच. तर मग या स्प्रिंगला एवढं का घाबरायचं. मी हळूहळू रेटलं, जोर न लावता, दार लोटावं तसं, आणि ती आली.

"चढव."

"चढवलं. सोडा आता."

"सोडू?"

"आबा, सोडा ना, कितना पकड़ोगे?"

मी हळूहळू सोडत आणलं. काहीच आवाज झाला नाही. पट्टा घट्ट बसला. बोटाने दाबला तर वाजतो, तंबोऱ्यासारखा. प्रत्येक खाच चाकात बसली आहे का ते मी बोट फिरवून पाहिलं, मग टॉर्च लावून पाहिलं, मग चहा पिऊन आलो आणि पुन्हा पाहिलं.

गाडी चालू केली. इतका गुपचूप आवाज, मला वाटलं बंद पडली. अनन्याने अंगणातच गरबा धरला आणि मलाही एक फेरा घ्यायला लावला. शालिग्राम भिंतीवर होताच.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.

आज शस्त्रं पुजली. आजोबा संस्थानात घोड्यांकडे होते, त्यांची तलवार आमच्याकडे आहे. पात्याला गंज आहे, मूठ चांगली. तिच्याशेजारी चक्कीच्या दगडाला टाके घालायची टाकी, हातोडी आणि यंदा पहिल्यांदा तो लांब पाना. पूजेला ठेवलेल्याला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे रविवारीच काम झालं हे किती बरं झालं.

मग गाडीची पूजा. चक्कीवर दर खंडेनवमीला पट्ट्याला शेंदूर आणि एरंडेल लावायची आमची रीत आहे. शेंदूर देवासाठी, एरंडेल पट्ट्यासाठी. चामडं मऊ राहतं, चाकाला धरून राहतं, घसरत नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं. गाडीच्या नव्या पट्ट्यालाही लावलं. उद्याचा प्रवास मोठा म्हणून एक बोट न लावता सगळ्या पट्ट्याला लावलं, आतून बाहेरून, जिथे हात पोचेल तिथे. उरलं ते पुन्हा लावलं.

आता निश्चिंत. भाजणीचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आहे, पट्टा लावून. कपडे अनन्याने काढले. पांढरा सदरा म्हणाली. मी म्हटलं, पीठच द्यायला जायचं तर पांढराच बरा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. काल दसरा झाला, सगळं एका दमात लिहितो.

सकाळी पूजा उचलली, पाना गाडीत टाकला, एकटाच निघालो. अनन्या येत नव्हती. म्हणाली, "मेरा क्या काम." गाडी चालू केली आणि ती किंचाळली.

साधं कुरकुरणं नव्हे. मोर ओरडतो तसं, पण थांबतच नाही. मला वाटलं नवीन आहे, गरम झाली की गप्प बसेल. बेटम्याला लोक वळून बघत होते. इंदूरच्या बायपासला एका ट्रकवाल्याने मला साइड दिली, त्याला वाटलं मागून ॲम्ब्युलन्स येते आहे. बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग जड झालं. मी भाजणीच्या डब्याशी बोलत होतो, "बस, थोडं राहिलं." लाज वाटते लिहायला, पण बोलत होतो. एक मात्र खरं, मी एकदाही गाडी वळवायचा विचार केला नाही. एरवी मी पाऊस येईल म्हणून दळण परत पाठवणारा माणूस.

विनोदिनीबाईंच्या गल्लीत मला गुपचूप जायचं होतं. अख्खी गल्ली बाहेर आली. ओट्यावर त्यांचा मुलगा अजेय उभा होता.

"आई, तू कोणाला बोलावलंस? फायर ब्रिगेडला?"

"धारहून भाजणी आली," त्या म्हणाल्या.

अजेय इंजिनिअर आहे. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, बोटाने पुसून बोट नाकाशी नेलं. अगदी आईसारखं.

"काका, याला तेल लावलंय कोणी?"

"एरंडेल. आणि शेंदूर."

"का?"

मी रीत सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चामड्याच्या पट्ट्याला ठीक आहे. हा रबराचा आहे. तेलाने घसरतो. काढून धुवावा लागेल."

"काढतो," मी म्हटलं. एवढं माझ्या हातचं होतं. मी पाना लावला आणि त्याला सांगत गेलो, हळू, दार लोटल्यासारखं. स्प्रिंग आली. "काका, इथे भोक आहे," तो म्हणाला, "यात काही खुपसलं की ती अशीच अडकून राहील, धरून बसायला नको. पिन हवी, जाड."

त्या ओट्यावर विणत बसल्या होत्या. त्यांनी विणकामातून पोलादी सुई सरळ उपसली आणि पुढे केली.

"आई, टाके सुटतील."

"सुटू देत. परत घालीन."

सुई भोकात गेली आणि सगळं थांबलं. मी पाना सोडला. काहीच झालं नाही. इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते एका सुईवर गप्प बसलं. विणकाम तपकिरी रंगाचं होतं, पुरुषाचं स्वेटर.

"हे कोणाचं गं?" अजेयने विचारलं. "चेन्नईत स्वेटर कोण घालतं?"

"धारला थंडी असते."

धारला त्यांचे भाऊ भास्करपंत असतात, त्यांच्यासाठी असणार. पण भास्करपंत माझ्या खांद्याला लागतात आणि स्वेटरची लांबी बरीच वाटली. असो.

पट्टा त्यांनी भांड्यांच्या साबणाने धुतला आणि साड्यांच्या दोरीवर वाळत घातला. "पट्टा वाळेपर्यंत थांबावं लागेल," म्हणाल्या. जेवायला पुरणपोळी होती. जेवून मी पट्ट्याला हात लावला, कोरडा होता. त्यांनीही लावला. "अजून तेल आहे," म्हणाल्या आणि पुन्हा धुतला. चहाच्या वेळी पुन्हा कोरडा होता, तर पुन्हा धुतला. मला तर तेल कुठे दिसत नव्हतं, पण त्यांची नजर बारीक आहे, चाळीस मुलांच्या वह्या तपासलेली. मधल्या वेळात आम्ही बोललो. त्यांच्या शाळेबद्दल, माझ्या चक्कीबद्दल, चामड्याचा पट्टा आणि रबराचा पट्टा यांतला फरक, मग पुन्हा चक्कीबद्दल.

उन्हं उतरली तेव्हा मी त्यांना सोनं दिलं. त्यांचा हात साबणाने ओला होता, पानं तळहाताला चिकटली. त्यांनी ती झटकली नाहीत. अजेयला म्हणाल्या, "माझं तिकीट रद्द कर."

अजेय आईकडे, माझ्याकडे, दोरीवरच्या पट्ट्याकडे बघत राहिला.

मी विचारलं, "भाजणीमुळे का?"

"हो," त्या म्हणाल्या, "भाजणीमुळे."

अजेयला ठसका लागला. त्याने मुकाट्याने पट्टा चढवून दिला. मी सुई काढून परत केली, सदऱ्याला पुसून.

निघताना त्या गाडीच्या काचेशी आल्या. "हंबीरराव, मी इथे एकटीने किती दिवस राहायचं, यावर तुमचं मत काय ते मला लिहून पाठवा. बोलायला लागलात की तुम्ही पट्ट्यावर जाता."

परत येताना गाडीचा जराही आवाज नव्हता. बेटम्यापर्यंत मी विचार करत होतो, हे माझं मत का विचारतात, माझं शिक्षण आठवी. घाटाबिल्लोदला गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली. मग एकटाच हसलो. एका गुराख्याने विचारलं, बिगड़ गई क्या. मी म्हटलं, नाही भिया, ठीक झाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

सकाळी अनन्याला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, पूर्‍या मोहल्ल्याला श्रावणापासून माहीत आहे." रणवीरलाही? "पप्पांनीच तर मला इथे पाठवलं, तुमच्यावर नजर ठेवायला." मग माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आता लिहा, मी फोटो काढून आज्जींना पाठवते. मी वाचणार नाही." मी म्हटलं, वाच हवं तर. "अडखळेन मी." अडखळ.

तर हे पान त्यांचं.

विनोदिनीबाईंना नमस्कार. वर काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून नुसता नमस्कार. मत विचारलंत ते देतो. एकटीने राहू नये. आता पट्ट्यावर जाणार नाही.

माझ्या घराला मागे एक उन्हाची खोली आहे. तिथे चक्कीचा आवाज येतो, पीठ येत नाही. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं, तुमच्याकडे कधीच नाही. मी सोडेन. एकदम नाही सुटलं तर अंगणात वेगळी चूल मांडेन. किंवा मी देवासला येईन. भाजणी गव्हावर न टाकणारी एक चक्की तिथे हवीच आहे. लोक बोलतील, पण शालिग्राम बोलून बसलाच आहे आणि त्याच्यापुढे कोणी जात नाही. मी घाबरट आहे हे तुम्हाला कळलं असेलच. गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. पण परवा गाडी ओरडत असताना मी परत फिरलो नाही, एवढं माझ्या बाजूने धरावं. टाके सुटले त्याचं वाईट वाटतं. परत घातले का? आणि ते स्वेटर खरोखर भास्करपंतांचं असेल तर तसं लिहा, मी काही मनात आणणार नाही.

उत्तर होय असो, नाही असो, लवकर कळवा. मी तोवर गाडी पुसून ठेवतो. तिचा आता मुळीच आवाज होत नाही, तुमच्या दारात येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही, म्हणून तुम्हीच आधी कळवा.